स्किपोलहून ऱ्हाईनच्या काठाने: जोडीच्या सायकल सफरीचे पहिले पाच दिवस

चाकधारी

तंबू आणि बॅगा लादून जोडीने पाच-सहा आठवडे युरोपात, नेदरलँड्समधल्या स्किपोल विमानतळापासून ऱ्हाईनच्या काठाने स्वित्झर्लंडमधल्या बाझेलपर्यंत, सायकल चालवायची, असं ठरवलेल्या मुंबईकरांचे व्यनि (व्यक्तिगत निरोप) हल्ली बरेच येतात. विचारणा बहुधा पूर्ण मार्गाची असते: बाझेलला कधी पोचू, रोज किती किलोमीटर धरू. अडचण मात्र सुरुवातीलाच येते. सायकल खोक्यातून उतरून नुकतीच जोडलेली, ओझं पहिल्यांदाच पूर्ण लादलेलं, रस्ता उजव्या बाजूचा, घड्याळ साडेतीन तास मागे. बांधणीत किंवा जोडणीत काही चुकलं असेल तर ते पहिल्या शंभर-दीडशे किलोमीटरांत बाहेर पडतं. म्हणून हे अंतर मुद्दाम सावकाश आणि गावांच्या जवळून कापावं, म्हणजे चूक सापडेल तेव्हा सायकलचं दुकान हाकेच्या अंतरावर असेल. पहिल्या पाच दिवसांचा हिशोब याच धोरणाने करा. बाकीची सफर आपोआप जमते.

सुरुवात खोक्यापासून. पॅडल दोन्ही काढायचे. पाना पॅडलच्या आसावर वरच्या बाजूने धरून मागच्या चाकाकडे ढकलला की कुठल्याही बाजूचा पॅडल सुटतो. डावीकडचे आटे उलटे असतात, हे विसरून जोर लावला की क्रँकचे (पॅडलच्या दांडीचे) आटे जातात. पुढचं चाक काढा आणि फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या दुहेरी दांड्याच्या) टोकांत १०० मिमीचा प्लास्टिकचा स्पेसर बसवा. नव्या सायकलींबरोबर तो येतो आणि दुकानदार फेकून देतात, मागितला तर मिळतो. स्पेसर नसेल तर वरून एखादी बॅग पडली तरी फोर्क दबतो. सीटपोस्ट (सीटची दांडी) काढण्याआधी उंचीवर इन्सुलेशन टेपची पट्टी गुंडाळा. मिलिमीटरभर फरकानेही गुडघा बोलायला लागतो.

मागचा डिरेल्युअर (गिअर बदलणारा भाग) ५ मिमीच्या ॲलन कीने हँगरवरून, म्हणजे त्याला फ्रेमशी जोडणाऱ्या छोट्या पट्टीवरून, सोडवून, फोममध्ये गुंडाळून, चेन स्टेच्या (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या फ्रेमच्या खालच्या नळीच्या) आत बांधा. केबल काढायची गरज नाही. सगळ्यात जास्त नुकसान या एका भागाचं होतं. खोका उजव्या बाजूवर आपटला की हँगर वाकतो, आणि मग पहिल्याच गिअरला साखळी स्पोकमध्ये जाते.

आणि आत्ताच सांगतो, सुटा हँगर घेतल्याशिवाय निघू नका. हँगर प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो. भारतीय ब्रँडच्या फ्रेमचा हँगर युरोपातल्या दुकानात मिळेल अशी आशा धरू नका. साखळी, केबल, ब्रेक पॅड, ८ किंवा ९ स्पीडचे भाग कुठल्याही तालुक्याएवढ्या गावात मिळतात. हँगर मिळत नाही. दोघांच्या सायकली एकाच मॉडेलच्या असतील तर दोनात एक चालेल, वेगळ्या असतील तर दोन.

जोडणीबद्दल पुढच्या प्रतिसादात लिहितो.

सागरलाट

उत्तम धागा, वाचनखूण साठवली. मे अखेरीस आम्ही दोघं निघतोय, म्हणून नेमके प्रश्न. एक, खोके मुंबईत कुठून घ्यावेत आणि विमानतळापर्यंत कसे न्यावेत? दोन, दोन्ही सायकलींना हायड्रॉलिक डिस्क ब्रेक आहेत, त्यांचं काय करायचं?

ठाणेकर७००

ताई, खोक्याचं मी सांगतो. सायकलच्या कुठल्याही मोठ्या दुकानात नव्या सायकलींचे रिकामे खोके असतात. दोन-तीन दिवस आधी सांगून ठेवलं तर फुकट किंवा थोडक्या पैशांत देतात. साधारण माप १४० × ८० × २२ सेंमी, म्हणजे तिन्ही बाजूंची बेरीज २४० च्या आसपास. आपल्या नेहमीच्या बॅगेला १५८ सेंमीची मर्यादा असते, म्हणजे सायकल जादा आकाराच्या सामानात जाणार हे धरून चाला. प्रत्येक विमान कंपनीचा नियम निराळा: कुणी ती नेहमीच्या वजनात धरतं, कुणी वेगळे पैसे घेतं, कुणाला आधी कळवावं लागतं. तिकीट काढण्याआधी वजन आणि मापांची बेरीज दोन्ही वाचा, आणि सायकल नोंदवल्याचा लेखी मेल छापून जवळ ठेवा. काउंटरवरच्या माणसाला तोंडी सांगून काही होत नाही.

लोखंडी टूरिंग सायकल कॅरिअरसकट १५ किलो, खोका ३ किलो. मर्यादा २३ असेल तर आत ५ किलो उरतात. त्यात तंबूचे खांब, हत्यारं, झोपायची चटई जाते. हत्यारं केबिनमध्ये चालत नाहीत, ती खोक्यातच. पॉवर बँक मात्र उलट, ती केबिनमध्येच, १०० वॅट-अवरपर्यंतची. पॅनिअर (कॅरिअरला लटकणाऱ्या बॅगा) चारही एकत्र घालायला मशीद बंदरला मिळते ती चौकड्याची झिपवाली मोठी पिशवी घ्या. वजनाला नगण्य, आणि तिकडे पोचल्यावर घडी करून तंबूखाली अंथरता येते.

फोमसाठी एसीच्या तांब्याच्या पाइपवर चढवतात ती काळी नळी सर्वांत चांगली. एसी दुरुस्तीच्या दुकानात दोन-दोन मीटरच्या कांड्या मिळतात. एका बाजूने चिरली की फ्रेमच्या नळ्यांवर बसते. खोका आडवा पडला तर दबू नये म्हणून आत २० सेंमीचे पीव्हीसी पाइपचे दोन तुकडे उभे लावा, एक बॉटम ब्रॅकेटजवळ (क्रँकच्या आसाजवळ) आणि एक हँडलजवळ. सिमेंटच्या गोणीसारखा खोका फेकला जातो, हे गृहीत धरून बांधा.

गाडी: साध्या टॅक्सीत दोन खोके जात नाहीत. सात सीटवाल्या गाडीच्या मागच्या दोन्ही रांगा आडव्या केल्या तर दोन खोके आणि पुढे एकच माणूस बसतो, म्हणून एक गाडी खोक्यांना आणि दुसरी वेळ पडली तर माणसांना. छोटा टेम्पोही परवडतो. मुंबई विमानतळाच्या टी-२ टर्मिनलला जादा आकाराच्या सामानाची तपासणी वेगळी होते, नेहमीपेक्षा तासभर जास्त ठेवा. तपासणीसाठी खोका उघडायला लावतात, तेव्हा चिकटपट्टीचं एक अख्खं रीळ आणि कात्री सोबत असू द्या. कात्री नंतर खोक्यात टाका.

सायकल महागडी असेल तर निघताना कस्टमकडून निर्यात दाखला घ्या. बिल आणि फ्रेम नंबर दाखवावा लागतो. परतताना ही सायकल तिकडे विकत घेतली नाही, हे सिद्ध करायला त्याच कागदाचा उपयोग होतो.

चाकधारी

हायड्रॉलिक डिस्क: चाक काढल्यावर ब्रेकचा लिव्हर चुकूनही दाबायचा नाही. दाबला तर पॅड एकमेकांना चिकटतात आणि चाक आत जात नाही. म्हणून पॅडच्या मध्ये प्लास्टिकचा तुकडा सरकवून रबरबँडने बांधा, जाड पुठ्ठ्याची दुहेरी घडीही चालते. चिकटलेच तर प्लास्टिकच्या टायर लिव्हरने हळू फाकवा, स्क्रूड्रायव्हर घालू नका, पॅडचा पृष्ठभाग खरवडतो. रोटर (चाकावरची डिस्कची तबकडी) काढून कपड्यांत गुंडाळणं सगळ्यात सुरक्षित. सहा स्क्रूंचा असेल तर टी-२५ की लागते. खोक्यात सायकल उलटी-आडवी होते, त्यामुळे उतरल्यावर लिव्हर मऊ लागू शकतो. सायकल सरळ उभी करून पाच-दहा मिनिटं थांबा आणि लिव्हर वीस-पंचवीस वेळा दाबा, बहुधा पूर्ववत होतो. तरीही हँडलपर्यंत जात असेल तर निघू नका, दुकान गाठा.

आता जोडणी. दोघांच्या दोन सायकलींना सामान लावण्यासह दोन तास धरा. स्किपोलला बाहेर पडण्याआधी सीमातपासणीला वेळ लागतो: ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या) सीमेवर बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेतात. विमान दुपारी उतरत असेल तर सायकल रस्त्यावर येईपर्यंत संध्याकाळचे पाच-सहा वाजतील. मे-जूनमध्ये तिथे सूर्यास्त दहाच्या सुमारास होतो, त्यामुळे उजेडाची काळजी नाही. काळजी थकव्याची.

फोर्क सरळ आहे ना ते आधी पाहा. हँडल खोक्यात फिरवलेलं असतं, त्यामुळे फोर्क उलटा ठेवूनच हँडल बसवण्याची चूक वारंवार होते. डिस्कचा कॅलिपर (ब्रेक पॅड धरणारा भाग) पुढच्या चाकाच्या डाव्या बाजूला आला की फोर्क बरोबर. मग स्टेम (हँडलला फोर्कशी जोडणारा भाग). वरच्या टोपीचा बोल्ट फक्त ढिलाई काढण्यापुरता, त्यानंतर हँडल चाकाशी काटकोनात आणा आणि शेवटी बाजूचे दोन बोल्ट आळीपाळीने ५ ते ६ न्यूटन-मीटरला (हे आवळण्याच्या जोराचं माप). हा क्रम उलटा झाला तर टोपी कितीही आवळा, हेडसेट (फोर्क फिरतो ते बेअरिंग) ढिलाच राहतो. तपासायचं असं: पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा. हाताला टक-टक लागली तर पुन्हा.

पॅडल आधी बोटांनी तीन-चार फेरे आत जायला हवेत. जात नसतील तर वाकडे लागले आहेत, पाना लावू नका. शेवटी ३५ ते ४० न्यूटन-मीटर, म्हणजे पंधरा सेंटिमीटरच्या पान्यावर चांगला जोर. डिरेल्युअर लावताना बी-स्क्रूची (डिरेल्युअरच्या वरच्या छोट्या स्क्रूची) जीभ हँगरच्या खाचेच्या मागे गेली की नाही ते वाकून पाहा. ती वर चढून राहिली तर बोल्ट आवळल्यावर जीभच वाकते. बोल्ट ८ ते १० न्यूटन-मीटर.

डिस्क घासत असेल तर कॅलिपरचे दोन बोल्ट सैल करा, लिव्हर दाबून धरा, दाबलेला असतानाच बोल्ट आवळा. नव्वद टक्के वेळा एवढ्याने काम होतं. रोटर वाकला असेल तर तो दर फेरीला एकाच जागी घासतो. स्वच्छ फडक्याने धरून त्या जागी थोडा थोडा वाकवायचा, तेलकट हात लागू द्यायचा नाही.

दहा किलोमीटरांनंतर थांबायचं: पॅडल, स्टेम, कॅरिअरचे बोल्ट. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. कॅरिअरचे एम-५ बोल्ट ओझ्याखाली हमखास सैल होतात, म्हणून निळं थ्रेडलॉक (आट्यांना लावायचा गोंद) मुंबईतच लावून घ्या आणि १६ व २० मिमी लांबीचे सहा-आठ जादा बोल्ट सोबत ठेवा. एक बोल्ट पडला की कॅरिअर एका बाजूला झुकून पॅनिअर चाकात जातो.

आरेवाट

टायरमधली हवा पूर्ण काढा म्हणून काउंटरवर सांगतात. पूर्ण काढावी का?

ठाणेकर७००

सामानाच्या कप्प्यात हवेचा दाब केबिनसारखाच राखलेला असतो, टायर फुटत नाही. पण वाद घालण्यात अर्थ नाही, २० पीएसआयच्या आसपास ठेवा. दाबून दाखवलं की मऊ लागतो आणि रिमही सांभाळली जाते. तिकडे ३७ मिमीच्या टायरला ओझ्यासह मागे ६० ते ६५ आणि पुढे ५० च्या आसपास पुरतं. दाबमापक असलेला छोटा फ्लोअर पंप न्या. कार्बन डायऑक्साइडच्या नळकांड्या नेऊ नका, विमानतळावर अडतील.

लेककाठी

नेदरलँड्समधून लिहितेय. मार्गाचं मी सांगते, कारण नकाशावर जे सरळ दिसतं ते वाऱ्यात सरळ नसतं.

विमानतळाच्या दारातूनच सायकलमार्ग निघतो, ट्रेनची गरज नाही. पहिल्या दिवशी फक्त आम्स्टरडॅमसे बॉस. हे विमानतळालगतचं मोठं, माणसाने लावलेलं जंगल आहे, तिथे तंबूची जागा आहे, अंतर १० किमीच्या आसपास. आम्स्टरडॅम शहरात पहिल्या संध्याकाळी लादलेली सायकल घेऊन शिरू नका. ट्रामचे रूळ ३७ मिमीच्या टायरला गिळतात, ते जवळपास काटकोनातच ओलांडावे लागतात, आणि मागून येणाऱ्या स्थानिकांचा वेग तुमच्या दुप्पट असतो.

दुसरा दिवस लायडन, अंदाजे ३५ किमी. हार्लेमरमेअरच्या भोवतीच्या कालव्याच्या बांधावरून जा. १८५२ मध्ये हे आख्खं सरोवर पंपांनी उपसून कोरडं केलं. स्किपोल त्याच्याच तळाशी आहे, समुद्रसपाटीच्या ३-४ मीटर खाली. बांधावरून जाताना एका हाताला कालव्याचं पाणी आणि दुसऱ्या हाताला त्याच्याहून खालची शेतं, हे दृश्य पाहून इथल्या वाऱ्याचा आणि पवनचक्क्यांचा अर्थ लागतो.

तिसरा दिवस लायडनलाच मुक्काम. बॅगा तंबूत ठेवून काटवाइकला जाऊन या, जाऊन-येऊन २० किमी. आता ऱ्हाईनची सफर म्हणजे मुखापासून सुरू करायची म्हणून बहुतेक जण होक व्हान होलांडला जातात, युरोव्हेलो १५ हा ऱ्हाईनकाठचा सायकलमार्ग तिथेच संपतो. पण लायडनमधून वाहते ती जुनी ऱ्हाईन, आणि ती काटवाइकलाच समुद्राला मिळते. मुख हवं असेल तर हे मुख हाताशी आहे. होकला जायचं तर समुद्रकाठाने नैर्ऋत्येकडे ४० किमी, आणि इथला नेहमीचा वारा नैर्ऋत्येकडूनच येतो. तिसऱ्याच दिवशी ओझ्यासह तोंडावर वारा घेऊ नये.

चौथा दिवस जुन्या ऱ्हाईनच्या काठाने आल्फेन, तिथून दक्षिणेला गौडा, मग स्खोनहोव्हन. सुमारे ५० किमी. पाचवा दिवस लेक नदीच्या (ऱ्हाईनच्याच एका शाखेच्या) बांधावरून पूर्वेला विक बाय डूर्स्टेडे, ४५ च्या आसपास. इथे वारा पाठीवर येतो. सहाव्या दिवशी विश्रांती. त्यानंतर ऱ्हेनेनची टेकडी लागते, जेमतेम ५० मीटर उंच, पण एवढ्या सपाटीनंतर ओझ्याचा पहिला चढ.

रस्ते शोधायला फोनकडे सतत पाहू नका. सायकल चालवताना फोन हातात धरायला १ जुलै २०१९ पासून बंदी आहे आणि दंड मोठा आहे. इथे सायकलमार्गांच्या चौकांना क्रमांक दिलेले आहेत, आणि हिरव्या क्रमांकांच्या पाट्या पुढच्या चौकाची दिशा दाखवतात. सकाळी दिवसभराचे क्रमांक ओळीने कागदावर लिहून हँडलबॅगच्या खिशात लावा: ४७, ५२, १३, ०८, एवढंच. ही पद्धत १९९५ मध्ये बेल्जियमच्या लिंबुर्गमध्ये सुरू झाली आणि इथे सगळीकडे पसरली. पावसासाठी बाउएनराडार नावाचं ॲप, पुढच्या दोन तासांचा पाऊस दाखवतं. सर आली की अर्धा तास बसस्टॉपखाली थांबलेलं बरं.

सागरलाट

खूप आभार. एक शंका: नदी उगमाकडे चढत जाण्यापेक्षा बाझेलहून खाली उतरत आलो तर सोपं नाही का?

लेककाठी

उताराचा हिशोब करा. बाझेल समुद्रसपाटीपासून साधारण २५० मीटर, तिथून मुखापर्यंत नदीची लांबी सुमारे ८६० किमी. म्हणजे दर किलोमीटरला ३० सेंटिमीटरसुद्धा नाही. पायाला तो कळतच नाही. वारा मात्र कळतो. ५ बोफोर्टचा वारा म्हणजे ताशी २९ ते ३८ किमी. तो तोंडावर असला की ओझ्याच्या सायकलीचा १६ चा वेग १० वर येतो. नेदरलँड्समधलं अंतर पश्चिमेकडून पूर्वेकडे करण्यात फायदा आहे तो एवढ्यासाठी. शिवाय सुरुवातीला सपाटी आणि दर पाच किमीला गाव, हे नव्या जोडणीच्या सायकलीला हवंच.

दुचाकी_संसार

जोडीने चालवण्याबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहिते.

ओझं अर्धं-अर्धं वाटू नका. दोघांचं मिळून ३० किलो असेल तर सपाटीवर ज्याचा वेग जास्त त्याच्याकडे १८, दुसऱ्याकडे १२. दोघांचे वेग जवळ येईपर्यंत पहिल्या तीन दिवसांत रोज एक-दोन किलो इकडचे तिकडे करत राहा. तंबू, पाणी आणि अन्न हलवायला सोपं. पण औषधं, पासपोर्ट, एक कार्ड आणि थोडे रोख युरो दोघांकडे स्वतंत्र हवेत. नकाशाही दोघांच्या फोनवर उतरवलेला. चौकात चुकामूक झाली की एकाकडे सगळं आणि दुसऱ्याकडे काहीच नाही, असं होता कामा नये. नियम एकच ठेवा: वळणावर पुढचा थांबतो, मागचा दिसेपर्यंत हलत नाही.

सगळं वजन मागच्या कॅरिअरवर टाकलं की पुढचं चाक हलकं होतं आणि उतारावर हँडल थरथरतं. पुढे ४० टक्के आणि मागे ६० टक्के ठेवा. जड वस्तू पॅनिअरच्या तळाशी आणि फ्रेमच्या बाजूला.

मंद चालवणारा पुढे. मागचा पुढच्याच्या चाकाला चिकटून जाऊ नये, निदान दोन सायकलींचं अंतर. याचं खास कारण म्हणजे तिथल्या सायकलमार्गांच्या मधोमध गाड्या येऊ नयेत म्हणून रोवलेले खांब. पुढचा सहज बाजूने निघतो, मागच्याला पुढच्याच्या बॅगांमुळे खांब दिसतच नाही. पुढच्याने “खांब!” म्हणून मोठ्याने सांगायचं, प्रत्येक वेळी. नेदरलँड्समध्ये दोघांनी शेजारी-शेजारी चालवायला परवानगी आहे, पण बांधावरच्या अरुंद वाटेवर मागून घंटी वाजली की एका रांगेत यायचं.

उजवी बाजू: दिवसभर रहदारीत चूक होत नाही. होते ती सकाळी तंबूच्या जागेवरून बाहेर पडताना आणि दुकानातून निघताना, रिकाम्या रस्त्यावर. त्या दोन्ही वेळी पहिल्या आठवड्यात एकमेकांना “उजवीकडे” म्हणून आठवण करा. आरसा हँडलच्या डाव्या टोकाला हवा, मुंबईत उजवीकडे लावला असेल तर हलवा. रस्त्यावर पांढरे त्रिकोण टोक तुमच्याकडे करून रंगवले असतील तर थांबून आडव्या रस्त्यावरून येणाऱ्याला जाऊ द्यायचं. कुठलीच खूण नसेल तर उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला.

आता शरीर. गुडघा पुढून दुखला तर सीट खाली आहे, मागून दुखला तर वर. एका वेळी ३ ते ५ मिमीच हलवा आणि अर्धा दिवस चालवून बघा. करंगळी आणि अनामिका बधिर झाली तर हातावर भार जास्त आहे, हँडल थोडं वर घ्या किंवा सीटचं नाक सपाट करा. पॅडच्या चड्डीखाली दुसरी चड्डी घालू नये, शिवण घासते. लहान बाळांना लावतात ती झिंकची क्रीम पहिल्या दिवसापासून लावा, सोलवटल्यावर नाही. बायकांनी सीट पुरुषाच्या सायकलवरची उसनी घेऊ नये. बसायच्या हाडांमधलं अंतर वेगळं असतं, आणि ही तक्रार साठ किलोमीटरांनंतरच कळते. तीन-चार जोड्या चड्ड्या, रात्री धुवायच्या. ओली असेल तर दोरीने मागच्या कॅरिअरवर वाळते.

आरेवाट

+१. सरावासाठी मुंबईजवळ कुठलं अंतर घ्यावं? पूर्ण ओझ्यासह.

ठाणेकर७००

भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने मांडवा, सायकल बोटीत जाते. मांडव्याहून अलिबाग २० किमी, पहिली रात्र तिथे किंवा पुढे रेवदंड्याला. दुसऱ्या दिवशी मुरूड. तिसऱ्या दिवशी त्याच वाटेने परत. तंबू लावणं, स्वयंपाक, सगळं सामान परत भरणं हे तिन्ही दिवस करा. भरलेल्या सायकलीवर ब्रेक कुठे लागतो, थांबल्यावर ती कशी धरायची, स्टँड पेलतो का, हे इथेच कळायला हवं. दुपारी काशीदच्या किनाऱ्यालगत समुद्रावरून येणारा वारा मिळतो, नेदरलँड्सची थोडीफार कल्पना त्यातून येते. परत आल्यावर चाकं दुकानात नेऊन स्पोकचा ताण तपासून घ्या. नवी चाकं ओझ्यासह दोन-तीनशे किलोमीटर चालली की स्पोक बसतात आणि सैल होतात. मागच्या चाकाला ३६ स्पोक असतील तर उत्तम.

सागरलाट

खाण्याचं काय न्यावं? आणि गॅस?

दुचाकी_संसार

गॅसचा डबा विमानात कुठेच चालत नाही, तिकडे घ्यायचा. स्टोव्ह नवा किंवा पूर्ण स्वच्छ असावा, इंधनाचा वास आला तर काढून घेतात. आटेवाल्या तोंडाचा डबा नेदरलँड्स-जर्मनीत भटकंतीच्या दुकानांत सहज मिळतो. पुढे फ्रान्सच्या काठाला गेलात तर खटक्याच्या तोंडाचे डबे जास्त दिसतात, आटेवाला त्याआधीच घेऊन ठेवा. २३० ग्रॅमच्या डब्यावर दोघांचा सकाळचा चहा-पोहे आणि रात्रीचा भात पाच-सहा दिवस निघतो, वारा अडवलात तर. पहिल्या दिवशी विमानतळाजवळ डबा मिळेलच असं नाही, म्हणून पहिल्या रात्रीचं जेवण न शिजवता होईल असं ठेवा: दशम्या, शेंगदाण्याची चटणी, खजूर.

युरोपीय संघात प्रवाशाला बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला मनाई आहे. म्हणजे तूप, पेढे, खवा, दुधाची पावडर घरीच ठेवायची. ताजा कढीपत्ता आणि मिरच्याही नकोत. भाजणी, मेतकूट, जाडे पोहे, मुगाची डाळ, कोकम, कोरडा मसाला चालतो. एक किलो भाजणी, अर्धा किलो मेतकूट यापेक्षा जास्त वजन वाहू नका. तांदूळ, डाळ, भाज्या तिकडच्या सुपरमार्केटात मिळतात, मोठ्या गावांत तुर्की दुकानांत तर कोथिंबीर आणि मसूरसुद्धा. चालवताना तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत: एक केळं आणि दोन-तीन खजूर. थंडीत तहान लागत नाही म्हणून मुंबईकर पाणी पीत नाहीत आणि संध्याकाळी डोकं धरून बसतात. १२ अंशांतही तासाला अर्धा लिटर प्या.

जर्मनीत शिरल्यावर रविवारी दुकानं बंद. मे-जूनमध्ये त्यांचे दोन-तीन सणही येतात, तेव्हा तंबूच्या जागाही भरतात. सीमा ओलांडून जर्मनीतल्या एमेरिखला पोचण्याआधी वार बघा.

लेककाठी

तंबूबद्दल एक. नेदरलँड्समध्ये वाटेल तिथे तंबू लावायला मनाई आहे, बांधावर तर नाहीच. तंबूच्या जागेशिवाय फ्रिंडन ऑप द फिट्स ही सोय आहे. सायकलस्वारांना स्वतःच्या घरात रात्रीपुरती खोली आणि नाश्ता देणाऱ्यांची यादी, त्यांचं सभासदत्व घ्यावं लागतं. पाऊस असलेल्या रात्रीसाठी फार कामाची. जर्मनीत सायकलवाल्यांना चालणाऱ्या हॉटेलांवर बेट प्लुस बाइकचं चिन्ह असतं.

ट्रेन घ्यायची वेळ आलीच तर आठवड्याच्या दिवशी सकाळी ६:३० ते ९ आणि संध्याकाळी ४ ते ६:३० सायकल चढू देत नाहीत, जुलै-ऑगस्ट सोडून. सायकलचं तिकीट वेगळं. सायकलचं चिन्ह असलेल्या दारातूनच चढा आणि बॅगा आधीच उतरवून ठेवा.

चाकधारी

व्हिसाबद्दल व्यनित पुन्हा विचारणा झाली म्हणून इथेच. ज्या देशात सगळ्यात जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज. या मार्गावर तो बहुधा जर्मनी ठरतो, उतरत असलात नेदरलँड्सला तरी. रात्री समान असतील तर पहिल्या प्रवेशाचा देश. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. विमा कमीत कमी ३०,००० युरोचा. मुक्कामांची यादी तारीख-गाव-जागा अशी द्या, आणि पहिले पाच मुक्काम खरोखर आरक्षित करा. पुढचे दिवस वाऱ्यावर बदलतील.

आरेवाट

शेवटची शंका. स्पोक तुटला तर मागच्या चाकाचा कॅसेट (गिअरच्या दातेरी चकत्यांचा संच) काढायचं हत्यार न्यावं का?

चाकधारी

तुटतो तो बहुधा मागच्या चाकाचा, उजव्या बाजूचा, कॅसेटच्या मागे लपलेला. तिथे पोचायला कॅसेट काढावी लागते आणि त्यासाठी साखळीचा चाबूक (कॅसेट धरून ठेवायचं साखळीचं हत्यार) आणि मोठा पाना लागतो. हे सगळं वाहण्यापेक्षा केव्हलारच्या दोरीचा आपत्कालीन स्पोक न्या. तो कॅसेट न काढता हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) भोकातून ओवून निपलला (रिमजवळच्या स्पोकच्या नटाला) ताणता येतो आणि पुढच्या दुकानापर्यंत चालतो. त्याखेरीज तिन्ही लांबीचे दोन-दोन खरे स्पोक चेन स्टेला टेपने चिकटवून ठेवा: मागचा उजवा, मागचा डावा, पुढचा. तिन्हींची लांबी सहसा वेगळी असते, दुकानातून मोजून घ्या आणि टेपवर पेनाने लिहा. स्पोक की आपल्या निपलच्या मापाची हवी, चुकीच्या मापाने निपल गोल होतो. तुटल्यावर लगेच थांबा, ब्रेकला घासतंय का पाहा, आणि त्या चाकावरचं ओझं दुसऱ्या सायकलवर हलवा.

सागरलाट

आणि परतीचे खोके? बाझेलहून झुरिकला जाऊन विमान आहे.

ठाणेकर७००

विमानाच्या तीन-चार दिवस आधी झुरिकमधल्या दोन-तीन सायकल दुकानांना फोन करून दोन खोके राखून ठेवायला सांगा, सायकलीचं माप सांगून. सोमवारी बरीच दुकानं बंद असतात, विमान मंगळवारी असेल तर शनिवारीच खोके उचला. स्किपोलला सायकलीवरून काढलेला फोम आणि स्पेसर परत लागतात, टाकून देऊ नका. फोम वजनाला काहीच नाही, चिरलेल्या नळ्या तंबूच्या पिशवीत भरून ठेवा, रात्री उशाला चालतात. स्पेसर हँडलबॅगच्या तळाशी.